सर्वांत मागची सायकल

उशिरा येणाऱ्या माणसाचा मला राग येतो. वयाबरोबर तो कमी व्हायला हवा होता, पण झाला नाही. यात दोष माझ्या वडिलांचा. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. चंद्रपूरच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीआड बसून त्यांनी आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लिहिल्या, आणि घरी आल्यावरही तो कारभार चालूच ठेवला. रात्री आठला ताटं मांडली जायची. आठ दहाला आलेल्याला ते शांतपणे सांगायचे, गाडी सुटली. मग आई त्या सुटलेल्या गाडीच्या प्रवाशाला स्वयंपाकघरात गुपचूप वाढायची.

मी मराठीची शिक्षिका झाले आणि चामोर्शी तालुक्यातल्या एका हायस्कुलात लागले, तेव्हा पहिल्याच वर्षी एक काम आपण होऊन मागून घेतलं. उशिरा येणाऱ्यांची वही. तारीख, नाव, वर्ग, सही, असे चार रकाने. परिपाठाची घंटा झाली की शिपाईभाऊ फाटक लोटायचे आणि मी वही घेऊन उभी राहायचे. इतर शिक्षकांना हे काम नकोच होतं. मला मात्र सकाळी कुणाला तरी रागावल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही.

त्या वहीत एका मुलीचं नाव इतक्यांदा होतं की नवीन वही घालताना मी पहिल्या पानावर तिचं नाव आधीच लिहून ठेवावं, असं एक सर मला चिडवायचे. उंच, हडकुळी, लांब पायांची मुलगी. आठवीत आली तेव्हापासून उशिरा. त्यातही शनिवारी हमखास, कारण शनिवारी शाळा सकाळी साडेसातची असते. शनिवारचा आळस म्हणतात तो हाच, असं मी ठरवून टाकलं होतं. का उशीर झाला विचारलं की ती एकच शब्द बोलायची, "सायकल, मॅडम." सही करायची आणि वर्गात जायची. रडणं नाही, उलट बोलणं नाही. मला तर वाटायचं की जरा उलट बोलली असती तर निदान रागावल्याचं समाधान मिळालं असतं.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमचे मुख्याध्यापक गडचिरोलीच्या कसल्याशा बैठकीहून परतले ते एक कल्पना घेऊन. दहावीच्या निरोप समारंभात दरवर्षी पहिल्या तीन नंबरांचा सत्कार होतो, आणि ते तीन कोण हे सगळ्यांना आठवीपासूनच ठाऊक असतं. यंदा आणखी तीन सत्कार करायचे. एक मनाच्या चांगुलपणासाठी, एक सचोटीसाठी आणि एक शाळेवरच्या प्रेमासाठी. गुणांशी संबंध नाही. गणिताच्या सरांनी विचारलं की चांगुलपणा मोजायचा कसा. मुख्याध्यापक म्हणाले, मुलांना विचारू, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. हे वाक्य त्या वेळी कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

मी एक नियम मात्र जोडून घेतला. ज्याचं नाव उशिराच्या वहीत दहापेक्षा जास्त वेळा असेल, त्याचा कुठल्याही सत्कारासाठी विचार होणार नाही. मुख्याध्यापक जरा कुरकुरले, पण माझ्याशी वाद घालायला त्यांना दुपारचं जेवण झालेलं असावं लागतं, आणि ते झालेलं नव्हतं.

मग चिठ्ठ्या झाल्या. आठवी ते दहावीच्या प्रत्येकानं दहावीतलं एक नाव लिहायचं आणि कारण एका वाक्यात. त्या चिठ्ठ्या वाचण्यात माझी एक दुपार फार मजेत गेली. 'त्यानं मले कंपास देल्ला, वापस नाई मांगला.' 'हा कोणाले चिडवत नाई, कारण हा बोलतच नाई.' एकानं स्वतःचंच नाव लिहून खाली प्रामाणिक कारण दिलं होतं, 'दुसरं कोणी लिहीन असं वाटत नाई.' एका आठवीच्या मुलानं दहावीतलं नाव लिहायचं सोडून खिचडी शिजवणाऱ्या बाईंचं नाव लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

चांगुलपणाच्या चिठ्ठ्या वेगळ्या लावल्या तर एका नावाचा ढीग सगळ्यांत उंच झाला. माझ्या वहीतलंच नाव. त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या जंगलापलीकडून येणाऱ्या मुलींच्या होत्या. तिकडे दोन वस्त्या आहेत, एक धान पिकवणाऱ्यांचं जुनं गाव आणि एक पूर्वी निर्वासित म्हणून आलेल्या बंगाली लोकांचा कॅम्प. कारणं जवळजवळ सारखीच. 'तिच्यामुळं भेव नाई लागत.' 'ती असली तं भेव नाई वाटत.' एका बंगाली मुलीनं सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'तिला पाहिलं नाही तरी माहीत असतं ती आहे.' मराठीची शिक्षिका म्हणून त्या वाक्याखाली मी लाल पेनानं कौतुकाची रेघ ओढली. आणि मग वही उघडून नोंदी मोजल्या, आणि निवृत्त न्यायाधीशाच्या थाटात ते नाव खोडलं. दुसऱ्या क्रमांकावर एक गुणी मुलगा होता. तो कधीच उशिरा येत नसे. त्याचं घर शाळेच्या फाटकासमोर आहे.

शिपाईभाऊ तेव्हा टेबलावर चहा ठेवायला आले होते. गेली वीस वर्षं ते त्या फाटकावर आहेत आणि सहसा कुणाच्या कामात बोलत नाहीत. खोडलेलं नाव त्यांनी उलट्या बाजूनं वाचलं.

"मॅडम, तुमी वही पाह्यता," ते म्हणाले. "मी गेट पाह्यतो."

मी म्हटलं, म्हणजे काय? त्यांनी खांदे उडवले आणि शनिवारी सकाळी जंगलाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभं राहायला सांगितलं. बाकी काही सांगेनात. मला असलं कोड्यात बोलणं अजिबात आवडत नाही, पण उत्सुकताही गप्प बसू देईना.

शनिवारी मी स्कूटी काढली. शाळा आणि त्या वस्त्यांच्या मध्ये तीनेक किलोमीटरचं जंगल आहे. रस्ता डांबरी, पण दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू अंगावर येतो. वनखात्यानं तिथे वाघाचा फलक लावलाय. त्या गावांत कुणी 'वाघ' असं सरळ म्हणत नाही, 'जनावर' म्हणतात. अधूनमधून कुणाची गाय जाते, कुणाला ठसे दिसतात, आणि मग आठ दिवस सगळे जपून असतात. मी रोज दुसऱ्या दिशेनं, चामोर्शीकडून यायचे. या रस्त्यानं मी एकदाच आले होते, कुणाच्या तरी लग्नाला, जीपमध्ये बसून, काचा वर करून.

धुकं होतं. आधी घंट्या ऐकू आल्या, खूप साऱ्या, एकसारख्या. मग सायकली दिसल्या. आठवीत गेलेल्या मुलींना सरकारी सायकल मिळते, सगळ्यांना एकाच मापाची. आठवीतली मुलगी तिच्यावर बसली की सीट कितीही खाली केली तरी पाय टोकानंच पुरतो. सोळा-सतरा मुली एका रांगेत चालल्या होत्या. जंगल लागायच्या आधी त्या थांबल्या, पुढच्या मुलीनं मागे वळून मोजणी केली, आणि रांग आत शिरली. सगळ्यांच्या मागे ती होती, माझ्या वहीतली. आणि तिच्या बरोबर पुढे आठवीतली एक चिमुरडी, जिचं पायडल मारणं म्हणजे जिना चढण्यासारखं होतं.

मी मागून हळूहळू निघाले. अर्ध्या वाटेवर त्या चिमुरडीची चेन पडली. रांग थांबली नाही. तसा नियमच आहे, पुढच्यांनी थांबायचं नाही, नाल्यावरच्या पुलापाशी उजेड असतो तिथवर एकत्र जायचं आणि पुढे शाळा गाठायची. मागची मात्र उतरली. तिनं आपली सायकल स्टँडला लावली, त्या मुलीला आपल्या सायकलची घंटी वाजवत राहायला सांगितलं, आणि स्वतः खाली बसून चेन बसवायला लागली. ती हे इतक्या सराईतपणे करत होती, जसं आपण कांदा चिरतो. चिमुरडी घंटी वाजवत होती आणि काहीतरी गाणंही म्हणत होती. भीती त्या दोघींत कुणालाच वाटत नव्हती. ती सगळी माझ्याच वाट्याला आली होती.

मला पाहून ती उभी राहिली. हात काळे.

"मॅडम, तुमी पुढं व्हा. इथी थांबू नोका."

आणि मी, पन्नाशीला आलेली बाई, मुकाट्यानं पुढे झाले. हे लिहायला मला आजही आवडत नाही, पण तसंच झालं. वेळेवर शाळेत पोचले, वही घेऊन फाटकात उभी राहिले. घंटा झाल्यावर सहा-सात मिनिटांनी दोघी आल्या. फाटकाच्या अलीकडेच तिनं चिमुरडीला सायकलवरून उतरवलं, पाठीवर थाप मारून शिपाईभाऊंच्या बाजूनं आत पिटाळलं, आणि दोन्ही सायकली दोन हातांत धरून स्टँडकडे नेल्या. मग एकटीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तीन वर्षांत मी फक्त हे शेवटचं पाहिलं होतं.

"सायकल, मॅडम," ती म्हणाली आणि पेनासाठी हात पुढे केला. मला त्या दिवशी पेन सापडेना. ते माझ्या हातातच होतं.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले आणि माझा नियम मागे घेतला. का, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन खोडलेलं नाव परत लिहिलं. मग म्हणाले, सत्कार तिचाच. मी घरी जाऊन मानपत्र लिहायला बसले. शरमेनं माणूस फार अलंकारिक लिहितो. घनदाट अरण्य आलं, वाघाची डरकाळी आली, निर्भय रणरागिणी आली. डरकाळी कुणी ऐकली नव्हती, पण मानपत्रात ती शोभत होती.

समारंभ पुढच्या शनिवारी दुपारी होता, त्या दिवशी सकाळची शाळा नव्हती. शुक्रवारी मधल्या सुटीत मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि मानपत्र वाचायला दिलं. माफीही मागायची होती, पण ती शब्दात मागायची सवय नसल्यामुळे मी तिच्यापुढे बिस्किटं सरकवली. तिनं वाचलं. बिस्किट घेतलं नाही.

तिनं मला समजावून सांगितलं, जसं मी वर्गात समास समजावते तसं, सावकाश. हे माइकवर वाचलं तर मंडपात बसलेले सगळे बाप ऐकतील. चेन पडते, पोरी जंगलात थांबतात, हे घरी कुणाला ठाऊक नाही. ठाऊक झालं की दुसऱ्या दिवशी आठवीच्या मुलींच्या सायकली दावणीला बांधल्या जातील, आणि मुलीही. मागे तिच्याच गावात एकीचं तसं झालं होतं. म्हणून तर ती तीन वर्षं फक्त 'सायकल' म्हणत होती. मी कागदाची घडी घातली. रणरागिणीसकट.

मी म्हटलं, बरं, दुसरं काहीतरी लिहीन, बक्षीस मात्र तुलाच. ती उठेना. तिच्या मनात निराळंच काही होतं.

"बक्षीस कोणालेबी द्या, मॅडम," ती म्हणाली. "पर सोमवारपासून मागं कोण राहीन?"

निरोप समारंभानंतर दहावीची मुलं शाळेत येत नाहीत, घरी अभ्यास करतात. सोमवारी रांग निघणार होती आणि तिच्या शेवटी कुणी नसणार होतं. आम्ही इकडे सत्काराचे हार किती मागवायचे यावर दोन बैठका घेतल्या होत्या, आणि या मुलीला पंधरा दिवस एवढी एकच काळजी लागलेली होती.

आम्ही दोघी सायकल स्टँडवर गेलो. तिनं त्या रस्त्याच्या सगळ्या मुलींना बोलावलं आणि विचारलं. नववीच्या मुली आपापल्या चपला पाहू लागल्या. त्यांना दोष देता येत नाही. मागे राहायचं म्हणजे पाठीमागे फक्त जंगल असतं, आणि मी ते एकदाच, तेही स्कूटीवरून अनुभवलं होतं. तेवढ्यात ती चिमुरडी म्हणाली, "मी राहीन. मी तं तशीबी सगळ्याइच्या मागंच."

सगळ्या हसल्या, मीही हसले. ती उंच मुलगी हसली नाही. तिनं त्या चिमुरडीच्या खांद्यावर हात ठेवला.

"जिले जोरात चालवता येते, तिनंच मागं राहा लागते," ती म्हणाली. "अन् मंग हळू चालवा लागते."

चिमुरडीनं यावर गंभीरपणे मान हलवली. मधली सुटी संपली. ठरलं काहीच नाही.

समारंभाला दहावीच्या मुली साड्या नेसून येतात. आईची नाहीतर मावशीची ठेवणीतली साडी, खांद्यावर दहा पिना. आमच्याकडे ही साडी सायकलवरूनच येते. पाहुणे आले, गुलाबपाणी शिंपडून झालं, मुख्याध्यापकांनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं, आणि ती कुठे आहे म्हणून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, येईल, थांबू या. ती आली ती पंधरा मिनिटं उशिरा. जांभळ्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, त्यावर चेनचं काळं वंगण, हात कोपरापर्यंत काळे. शेवटच्या दिवशीही चेन पडलीच होती. मी मानपत्रातलं एकच वाक्य वाचलं, तीन वर्षं शाळेच्या वाटेवर लहान मुलींना सांभाळून आणल्याबद्दल. पाहुण्यांनी शिल्ड दिली. तिनं ती दोन बोटांच्या टोकांनी धरली, डाग पडू नये म्हणून. टाळ्या तर सगळ्यांनाच मिळाल्या, पण डावीकडच्या सतरंजीवरून त्या दिवशी जंगलापलीकडच्या मुलींनी सायकलच्या घंट्या वाजवल्या. घंट्या काढून आणल्या होत्या दप्तरातून. कुणाची कल्पना होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत.

तिची आई नंतर माझ्याकडे आली. साडीच्या काठाकडे पाहून हळहळली, आणि मग म्हणाली की ही घरी तर धाकट्या भावाशी दिवसभर भांडते, इथे कोणाला सांभाळते? मी म्हटलं, असतं असं.

त्या सोमवारपासून, परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी लागेपर्यंत, मीच त्या रांगेमागे स्कूटी घेऊन जात होते. पहाटे उठून अख्खा वळसा घालायचा, आणि मग चालत्या माणसाच्या वेगानं गाडी चालवायची. इतक्या हळू स्कूटी चालवणं हे शिकण्याचं काम आहे. मी दोनदा बांबूत गेले. आठवीच्या मुली मला हसत, आणि मी मनातून घाबरलेली असल्यामुळे त्यांना व्याकरण विचारत असे. बरेचदा उशीर झाला. वही त्या दिवसांत गणिताच्या सरांकडे होती आणि त्यांनी माझं नाव अगदी आनंदानं लिहिलं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. ती उंच मुलगी पास झाली होती, आता बसनं चामोर्शीला अकरावीला जाऊ लागली होती. गुडघ्यानं सुटीत दगा दिल्यामुळे डॉक्टरांनी मला स्कूटी बंद करायला सांगितलं होतं. एसटीनं मी थेट शाळेपाशी उतरायचे, आणि जंगलाच्या बाजूला पाहत फाटकात उभी राहायचे. वही परत माझ्याकडे आली होती. तिच्यात मी पाचवा रकाना आखला होता, कारण. तोंडी विचारायचं आणि पूर्ण वाक्यात लिहायचं, असं मी स्वतःलाच बजावलं होतं.

पहिल्या शनिवारी पावसाची भुरभुर होती. मुली एकेक करून आल्या. घंटा झाली, भाऊंनी फाटक लोटलं, पण कडी घातली नाही. मी मनात मोजत होते, आणि दोन कमी पडत होत्या.

मग त्या आल्या. पुढे एक नवी मुलगी, आठवीतली, कॅम्पमधली, नव्या कोऱ्या सायकलवर, रडवेली. तिच्या मागे ती चिमुरडी. नववीत गेली होती. उन्हाळाभर रोज सायकल मारली होती, असं नंतर कळलं. तिच्या सीटची दांडी चार बोटं वर आली होती आणि पाय पूर्ण पुरत होते. फाटकाच्या अलीकडेच तिनं नवीला उतरवलं, भाऊंच्या बाजूनं आत पिटाळलं, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात काळे.

मी पेन उघडलं. सायकल हळू चालते का गं तुझी अजून, असं मी विचारलं.

"नाई, मॅडम," ती म्हणाली. "हळू चालवली."

मी ते पाचव्या रकान्यात तिच्याच शब्दांत लिहिलं. तिनं सही केली, आणि दोन्ही सायकली दोन हातांत धरून स्टँडकडे गेली.